हातपंप कोठे बसवायचा?



‘लोकसहभाग’ हा शब्द शासकीय परिपत्रकांत सढळ हाताने वापरला जातो. सभा भरते, सह्या-अंगठे उमटतात आणि लोकांचा सहभाग झाला असे कागदोपत्री ठरते. परंतु सहभाग कोणाचा आणि निर्णय कोणाचा, हे विचारल्यावाचून या शब्दाला अर्थ नाही.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेडचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. लोकांची निकड औषधाआधी अन्नाची व पिण्याच्या पाण्याची होती. विंधणविहिरी घ्यायचे ठरले, तेव्हा जागेचा प्रश्न आला. गावातील वजनदारांवर सोडले असते, तर पंप त्यांच्याच आळीत बसला असता. आरोळ्यांनी भूगर्भतज्ज्ञाला विश्वासात घेऊन दलित वस्तीतील जागा निवडल्या. पाण्यासाठी साऱ्या गावाला तेथे जावे लागले.

हा निर्णय डॉक्टरांचा होता, गावाचा नव्हे, असा आक्षेप घेता येईल. तो खराही आहे. पण ‘गाव’ ही एकजिनसी वस्तू नाही, हे त्यांनी ओळखले होते. आणि ते तेथेच थांबले नाहीत. शेतकरी मंडळे व महिला मंडळे उभी राहिली. निरक्षर, बहुधा दलित स्त्रिया आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. स्वच्छ पाणी, शोषखड्डे, बालआहार यांचे ज्ञान त्यांच्या हाती आले. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये हजारी १७६ असलेला बालमृत्युदर १९७६ पर्यंत ५२ वर आला. ज्ञान आणि अधिकार एकाच वेळी तळाशी पोचले, याचे हे फळ होय.

आता कायदा अनुकूल आहे. ग्रामसभेला घटनात्मक स्थान आहे. तिच्यापूर्वी स्त्रियांची सभा घेण्याची तरतूद महाराष्ट्रात २००३ पासून आहे. मोठ्या प्रकल्पांसाठी २००६ च्या अधिसूचनेने जनसुनावणी ठेवली. परंतु याच साखरपट्ट्यात मळीपासून मद्यार्क बनविणारा कारखाना यावयाचा असेल, तर त्याच्या अहवालाचा सारांश तेवढा मराठीत मिळतो. मूळ अहवाल इंग्रजीत असतो. हरकती नोंदल्या जातात, निर्णय मुंबई-दिल्लीत होतो. आणि सांडपाणी विहिरीत झिरपले, तर ते पाणी पिण्याची पाळी प्रथम शेतमजुरावर येते.

म्हणून मागणी स्पष्ट हवी: संपूर्ण अहवाल मराठीत द्या, विहिरींच्या पाणीतपासणीचे निष्कर्ष चावडीवर लावा, हरकत फेटाळल्यास तिची कारणे ग्रामसभेला लेखी कळवा. ज्याला ते पाणी प्यावयाचे आहे, त्याचा शब्द निर्णयाआधी मोजला गेला पाहिजे. निर्णयानंतर घेतलेली सही म्हणजे सहभाग नव्हे; ती केवळ पोचपावती होय.