नावाआड दडलेले कर्तृत्व



मुलांच्या हातातील चित्रकथा पालक चाळतात, ती आत काय आहे हे पाहण्यासाठी. ती रेखाटली कोणी, हे पाहणारे विरळाच. अमेरिकेतील चित्रकथांच्या आरंभकाळात तर काही स्त्रियांना चित्राखाली स्वतःचे पूर्ण नाव घालण्याचीही सोय नव्हती.

डेलिया मेसिक यांनी आपले नाव ‘डेल’ केले. त्यावरून स्त्री की पुरुष, हे कळत नसे. वृत्तपत्रसमूहाचे प्रमुख जोसेफ पॅटरसन यांनी त्यांची चित्रे नाकारली. टाकून दिलेली ती चित्रे मॉली स्लॉट या त्यांच्याच सहायिकेने पाहिली, त्यांचे मोल ओळखले आणि ३० जून १९४० रोजी महिला पत्रकार ‘ब्रेंडा स्टार’ची मालिका सुरू झाली. मेसिक यांच्यानंतर १९८०मध्ये ती रमोना फ्रेडन यांनी हाती घेतली. २०११मध्ये मालिका संपली, तोवर ती स्त्रियांच्याच हाती राहिली.

जून टार्पे मिल्स यांनीही ‘जून’ हे स्त्रीनाम वगळले. एप्रिल १९४१मध्ये त्यांची ‘मिस फ्युरी’ अवतरली. ‘वंडर वुमन’ त्यानंतर काही महिन्यांनी आली.

लिली रेने यांची कथा अधिक हृदयस्पर्शी आहे. व्हिएन्नातील ही ज्यू मुलगी नाझींच्या छळातून सुटून १९३९मध्ये इंग्लंडला आणि पुढे अमेरिकेत पोहोचली. महायुद्धामुळे पुरुष चित्रकार सैन्यात गेले आणि ‘फिक्शन हाउस’मध्ये तिला काम मिळाले. आरंभी इतरांच्या चित्रांवरील पेन्सिलच्या रेषा खोडणारी लिली लवकरच नाझींशी झुंजणारी गुप्तहेर ‘सेन्योरिटा रिओ’ रेखाटू लागली. जिने तिचे घर हिरावले, त्या सत्तेला तिने कुंचल्याने उत्तर दिले! वाचकांची पत्रे मात्र ‘श्रीयुत रेने’ यांच्या नावे येत.

या स्त्रिया विस्मृतीत गेल्या असत्या. परंतु ट्रिना रॉबिन्स या चित्रकर्तीने जुने अंक धुंडाळून त्यांचा इतिहास लिहिला. स्वतः रॉबिन्स यांनी १९८६मध्ये ‘वंडर वुमन’ रेखाटली होती. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांच्या लेखनामुळे लिली रेने यांना आपल्या हयातीतच गौरव लाभला. २०२२मध्ये, वयाच्या १०१व्या वर्षी, त्या निवर्तल्या.

कर्तृत्व कितीही थोर असो, त्याची नोंद ठेवणारे कोणी नसेल, तर ते काळाच्या उदरात गडप होते. ही नोंद ठेवण्याचे काम समाजाचे आहे आणि त्याचा आरंभ घरातूनच व्हावा. मुलांना चित्रकथा देताना ती रेखाटणाऱ्याचे नावही आवर्जून वाचून दाखवावे.