प्रवासी पैसे देतील काय?



एखाद्या रम्य स्थळी तिकीट लावावयाचे असे म्हटले की दोन उत्तरे ठरलेली असतात. ‘लोक दमडी देणार नाहीत’ असे एक पक्ष म्हणतो. ‘निसर्गाला तिकीट कसले?’ असे दुसरा. पहिल्या पक्षाला मी एका दूरच्या बेटाची हकीकत सांगणार आहे. दुसऱ्याकडे मागाहून वळेन.

व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोर, कॅरिबियन समुद्रात, बोनेर नावाचे लहानसे डच बेट आहे. त्याच्या सभोवार प्रवाळांच्या बागा आहेत. पाठीवर हवेचे नळकांडे बांधून त्या पाहण्यास पाण्यात उतरणारे हौशी पाणबुडे तेथे दूरदूरच्या देशांतून येतात. १९७९ साली बेटाभोवतीचा समुद्र, ६० मीटर खोलीपर्यंत, राखीव उद्यान ठरला. देणग्यांवर काही वर्षे कारभार चालला. देणग्या आटल्या आणि उद्यान कागदावर तेवढे उरले. अशा संस्था आपणही पाहिल्या आहेत!

१९९१ मध्ये कारभाराची घडी पुन्हा बसू लागली, तेव्हा दर पाणबुड्याकडून वर्षाला १० डॉलर घ्यावेत असा विचार निघाला. त्या धंद्यातील मंडळींना धास्ती पडली की गिऱ्हाईक दुसरे बेट धरील. त्या सुमारास जॉन डिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी खुद्द प्रवाशांनाच विचारले. शंभरांत ९२ जणांनी १० डॉलर वाजवी म्हटले. सुमारे ८० जण २० डॉलर देण्यास राजी होते, ४८ जण ३० डॉलर, आणि ५० डॉलर देऊ म्हणणारेही १६ निघाले. सरासरी भरली २७ डॉलर ४० सेंट. म्हणजे मागणीच्या अडीचपटीहून अधिक.

आता, तोंडाने ‘देतो’ म्हणणे आणि खिशात हात घालणे यांत अंतर असते. वर्गणीची यादी घेऊन हिंडलेल्यांना हे मी काय सांगावे? परंतु १९९२ पासून फी प्रत्यक्ष सुरू झाली आणि पाणबुड्यांनी बेटाकडे पाठ फिरविली नाही. २००५ साली ती २५ डॉलर झाली, तरीही ते येत राहिले.

असे का व्हावे? माझ्या मते कारण साधे आहे. पैसा उद्यानाच्याच कामी लागे आणि तो डोळ्यांना दिसे. होड्यांच्या नांगरांनी प्रवाळ फुटू नये म्हणून जागोजाग तरंगते बोये बांधले गेले, पहारा आला. त्याच अभ्यासाने दुसरीही गोष्ट सांगितली: एका ठिकाणी वर्षाला चारसहा हजारांपलीकडे बुड्या पडल्या तर प्रवाळ खचू लागतो. तेव्हा फी भरली म्हणून वाटेल तितक्यांना उतरू देणे हा उपाय नव्हे.

आमच्या शाळेची सहल एकदा एका धबधब्यावर गेली होती. तिकिटाचे पैसे मुलांनी मुकाट्याने दिले. आत प्लास्टिकचा खच पाहून एका मुलीने नाक्यावरच्या माणसाला विचारले, ‘काका, आमचे पैसे कुठे जातात?’ तो म्हणाला, ‘वर.’ त्या मुलीला पुढच्या खेपेस तिकीट जड वाटले, तर तिला निसर्गाची आवड नाही असे मी म्हणणार नाही.

आपल्या बाजूला पाहावयाचे तर साताऱ्याजवळचे कास पठार घ्या. २०१२ साली पश्चिम घाटाची ३९ स्थळे जागतिक वारशात गेली, त्यांत ते आहे. तेरडा, सीतेची आसवे, टोपली कारवी यांच्या फुलांसाठी पावसाळा सरता सरता तेथे झुंबड उडते. तेथे शुल्क आहे आणि ते गोळा करण्यात आसपासच्या गावांच्या समित्या आहेत. मला ही रीत पसंत आहे. फुले तुडविली गेली तर पहिली झळ त्याच गावांना, म्हणून राखणही त्यांच्याच हाती असावी.

राहिला दुसरा पक्ष. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते तत्त्वात नसून खिशात आहे. बोनेरचा पाणबुडा विमानाचे भाडे भरून येतो. त्याला १० डॉलर म्हणजे किस. आमच्या वर्गातल्या ज्या मुलाला सहलीच्या एस.टी.चे भाडेच जड जाते, त्याने ‘नको’ म्हटले तर ती अनिच्छा नव्हे, अडचण आहे. म्हणून दूरचा प्रवासी आणि स्थानिक शाळकरी यांना एकच दर लावू नये, आणि गुराख्याकडून तर मुळीच घेऊ नये.

ट्रस्टच्या वसतिगृहातील मुलांची सहल यंदा कासला न्यावी, अशी माझी विश्वस्तांना विनंती आहे. शुल्क ट्रस्टने भरावे. आणि पावती घेताना तिचा विनियोग काय होतो हे मुलांनीच समितीला विचारावे.