पन्नास किलोवॅट म्हणजे नेमके किती?

आज सोलरबद्दल बोलायचंय. पण पॅनेल कुठलं घ्यावं, अनुदान कसं मिळवावं, यावर नाही. त्यावर ढीगभर व्हिडिओ आहेत. मला बोलायचंय करारातल्या एका ओळीवर. बहुतेक वेळा ती पहिल्याच पानावर असते: 'प्रस्तावित प्रकल्पाची क्षमता: ५० किलोवॅट (अंदाजे)'. तिच्याकडे कोणी बघत नाही. सगळे थेट किमतीच्या पानावर जातात.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. सोलर प्रकल्पांच्या मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर लिहितो. इन्व्हर्टर दर काही मिनिटांनी आकडे पाठवतो, आम्ही ते साठवतो आणि आलेख दाखवतो. नवा प्रकल्प जोडताना आमच्या फॉर्ममध्ये 'क्षमता' नावाचा रकाना होता. त्यात कोणी पॅनेलची बेरीज भरायचं, कोणी इन्व्हर्टरवरचा आकडा, कोणी वीज कंपनीच्या मंजुरीपत्रातला. खोटं कोणीच बोलत नव्हतं. शेवटी आम्ही त्या एका रकान्याचे तीन रकाने केले आणि प्रश्न मिटला. करारात मात्र तो रकाना अजून एकच असतो, आणि तिथे त्यावर पैसे ठरतात.

आपल्याकडे शेतात उभा असतो तोही भात, झोडून पोत्यात भरतात तोही भात आणि ताटात वाढतात तोही भातच. घरात बोलताना यामुळे काही अडत नाही. पण एखाद्याने 'एक क्विंटल भात' एवढंच लिहून सौदा केला, तर भांडण ठरलेलं. सोलरच्या 'क्षमते'चं अगदी असंच आहे.

पहिली क्षमता डीसी बाजूची, म्हणजे पॅनेलची. पॅनेलमागे ५५० वॅट छापलेलं असतं. तो आकडा प्रयोगशाळेतला: प्रति चौरस मीटर १००० वॅट प्रकाश आणि सेलचं तापमान २५ अंश. आता मला सांगा, मे महिन्यात विदर्भातल्या गच्चीवर सेल २५ अंशांवर राहील का? साठच्या पुढे सहज जातो. तापमान एका अंशाने वाढलं की आजच्या नेहमीच्या पॅनेलची ताकद साधारण ०.३५ टक्क्याने उतरते. पस्तीस अंश जास्त म्हणजे बारा टक्के गेले. तुमचं ५५० चं पॅनेल भर दुपारी ४८० च्या आसपास देतंय आणि तरीही ते निर्दोष आहे.

दुसरी क्षमता एसी बाजूची. इन्व्हर्टर ५० किलोवॅटचा असेल, तर मागे कितीही पॅनेल जोडा, बाहेर पन्नासच्या वर फारसं काही येणार नाही. तिसरी क्षमता कागदावरची, म्हणजे वीज वितरण कंपनीने मंजूर केलेली. तिचा संबंध तुमच्या मंजूर भाराशी असतो.

मग ५० च्या इन्व्हर्टरला ६० किलोवॅटची पॅनेल लावली तर ती फसवणूक का? अजिबात नाही. उन्हात ताकद उतरतेच आणि सकाळ-संध्याकाळ प्रकाश कमी असतो, म्हणून थोडी जास्त पॅनेल लावणं हे चांगलं डिझाइन आहे. भर थंडीतल्या एखाद्या स्वच्छ दुपारी थोडी वीज इन्व्हर्टरपाशी कापली जाते, पण वर्षाचा हिशोब फायद्याचा ठरतो. केंद्राच्या मोठ्या सौर निविदांमध्येही कराराची क्षमता एसी मेगावॅटमध्ये मोजतात. डीसी बाजूला किती पॅनेल लावायची हे विकासकाने ठरवावं, असं केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने २०१९ मध्ये स्पष्टच केलं. तिथे गोंधळ कमी, कारण व्याख्या आधी लिहिलेली असते. आपल्या गच्चीवरच्या कराराला असा कोणी वाली नसतो.

आता थोडं गणित. सीयूएफ, म्हणजे कपॅसिटी युटिलायझेशन फॅक्टर, हा शब्द तुमच्या करारात हमखास असेल. प्रकल्पाने वर्षभर, चोवीस तास, पूर्ण क्षमतेने वीज दिली असती तर जितकी झाली असती, त्याच्या किती टक्के खरोखर झाली, हे तो सांगतो. वर्षाचे तास ८,७६०. समजा, ६० डीसी आणि ५० एसीचा एक प्रकल्प वर्षाला ८४,००० युनिट देतो. इन्व्हर्टरच्या ५० ने भागलं तर सीयूएफ येतो १९.२ टक्के. पॅनेलच्या ६० ने भागलं तर १६ टक्के. तोच प्रकल्प, तेच ऊन, तीच वीज.

हे सगळं मला आमच्या सोसायटीच्या कराराने बोलायला लावलंय. सेक्रेटरी काका मसुदा घेऊन आले, "तू त्या सोलरमध्येच आहेस ना, बघ जरा." मसुद्यात वर लिहिलं होतं ५० किलोवॅट, अंदाजे. किंमत प्रति किलोवॅट दराने. हमी १६ टक्के सीयूएफची. अनुदान सोसायटीला. सोबतच्या डिझाइनच्या कागदावर मात्र ६० किलोवॅटची पॅनेल आणि ५० चा इन्व्हर्टर.

किंमत साठावर लावायची की पन्नासावर? दर समजा ४०,००० रुपये धरला तर फरक चार लाखांचा. हमी कशावर? ५० वर १६ टक्के म्हणजे वर्षाला ७०,०८० युनिट. ६० वर १६ टक्के म्हणजे ८४,०९६. मधले १४,०१६ युनिट, ८ रुपयांच्या भावाने दरवर्षी एक लाख बारा हजार. अनुदानाचा नियम तर सरळ आहे. पीएम सूर्यघर योजनेत पॅनेल आणि इन्व्हर्टर यांतली जी क्षमता कमी, ती धरतात. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये. म्हणजे तिथे ५० च. थोडक्यात, मसुदा जसा होता तसा सही झाला असता तर बिल लावताना साठ आणि हमी देताना पन्नास म्हणायला विक्रेता मोकळा होता. त्याच्या मनात तसं होतं की नाही, मला माहीत नाही. त्याची गरजही नाही. करार वाचायचा तो समोरचा माणूस उद्या नोकरी सोडून गेला असं समजून.

आता 'प्रस्तावित' या शब्दाकडे या. सही होते तेव्हा गच्चीची नीट मोजणी झालेली नसते. मग कळतं की पाण्याच्या टाकीची सावली दुपारनंतर पूर्वेला पसरते, लिफ्टच्या खोलीजवळ जागा नाही, वरच्या मजल्यावरच्या आजींना पापड वाळवायला कोपरा हवाय (हे मी बनवून सांगत नाहीये). पॅनेल कमी होतात. किंवा ठरलेलं ५५० चं पॅनेल मिळत नाही, ५४० चं येतं. पॅनेल ओळीत जोडतात, त्यामुळे वाटेल ती संख्याही चालत नाही. प्रस्तावित आकडा बदलणारच. तो बदलला तर काय, हे न लिहिणं म्हणजे बोलाचीच कढी, बोलाचाच भात.

आम्ही मसुद्यात काय केलं ते सांगतो. 'अंदाजे' काढलं. डीसी आणि एसी असे दोन आकडे वेगळे लिहिले. किंमत डीसीवर, पण कागदावरच्या नाही, प्रत्यक्ष बसवलेल्या डीसीवर. पॅनेलचे सीरियल नंबर मोजून बेरीज करायची आणि त्यावर दोघांच्या सह्या. प्रस्तावित आकड्यापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त कमी भरली तर सोसायटीला करार सोडायची मुभा. हमीतून टक्केवारी सरळ उडवली आणि युनिट लिहिले, एसी बाजूच्या मीटरवर मोजलेले. पॅनेल पहिल्या वर्षी साधारण दोन टक्के आणि पुढे दरवर्षी अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतरतं, म्हणून वर्षागणिक युनिटांचा तक्ता जोडला.

एक गोष्ट विक्रेत्याने मानली नाही. पावसाळा लांबला तरी हमी पूर्ण द्या, असं आमच्या समितीचं म्हणणं होतं. इथे मला त्याचं पटलं. ढगांची जबाबदारी त्याने का घ्यावी? मोठ्या प्रकल्पात प्रकाश मोजणारं यंत्र बसवून हिशोब दुरुस्त करतात. आमच्या आकाराला तो खर्च जास्त वाटला, म्हणून हमीला सात टक्क्यांची ढील दिली.

दोन दिवसांनी विक्रेत्याने पॅनेलची संख्या कळवली: १०८, अठरा-अठराच्या सहा ओळी. १०८ गुणिले ५५० म्हणजे ५९.४ किलोवॅट. "साठच लिहा ना, सोपं पडतं," तो फोनवर म्हणाला. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि पेनने ५९.४ लिहिलं.