तार कोणाची, हा खरा प्रश्न

(पुण्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संकलित मजकूर)

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आपल्यापैकी एकदोघांनी मला विचारले, की इंटरनेट तारेचे घ्यावे की बिनतारी घ्यावे हा प्रश्न दुकानदाराला विचारावयाचा. अभ्यासवर्गात त्याचे काय काम? ही शंका रास्त आहे, आणि तिचे निरसन करण्यासाठीच मी उभा आहे.

१९ सप्टेंबर २०२३ रोजी जिओ कंपनीने देशातील आठ शहरांत ‘एअरफायबर’ नावाची सेवा सुरू केली. त्या आठांत पुणे होते. घरात तार आणावयाची नाही. गच्चीवर एक पेटी बसवावयाची, तिने जवळच्या मनोऱ्यावरून ५जी लहरी पकडावयाच्या आणि घराला इंटरनेट पुरवावयाचे, अशी ही योजना. एअरटेलने त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये दिल्ली-मुंबईत अशीच सेवा आणली होती. तेव्हापासून तार विरुद्ध बिनतारी असा सामना रंगल्याचे आपल्याला सांगितले जाते. या सामन्यात आपण केवळ प्रेक्षक आहोत, असा आपला समज आहे. वस्तुतः ज्या मैदानावर तो खेळला जात आहे, ते मैदान आपले आहे.

प्रथम या सेवेचे तंत्र समजून घेऊ. बिनतारी सेवेत बिनतारी असतो तो मनोऱ्यापासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा. मनोऱ्यापर्यंतची वाहतूक शहरात बहुतांशी जमिनीखालच्या ऑप्टिकल फायबरमधूनच होते. म्हणजे बिनतारी सेवा तारेच्या खांद्यावर उभी आहे. दुसरी गोष्ट अशी, की रेडिओलहरींचा पट्टा मर्यादित असतो आणि मनोऱ्याच्या कक्षेतील सर्वांना तो वाटून घ्यावा लागतो. चाळीतल्या सार्वजनिक नळासारखेच हे आहे. रात्री नऊ वाजता साऱ्यांनी एकदम तोटी सोडली, की प्रत्येकाची धार बारीक होते. फायबरमध्येही वाटणी असते, परंतु त्याची क्षमता कितीतरी मोठी असते आणि ती अपुरी पडली तर शेजारी दुसरा धागा टाकता येतो. लहरींचा नवा पट्टा कोणालाही निर्माण करता येत नाही.

याचा अर्थ बिनतारी सेवा निरुपयोगी आहे, असा मुळीच नाही. डोंगराळ भागात, विखुरलेल्या वाड्यांत, जेथे तार नेणे परवडत नाही तेथे ती वरदान आहे. पण दाट वस्तीच्या शहरात तिला तारेचा पर्याय म्हणून विकले जाते, तेव्हा दर पाहावेत. २०२३ मध्ये जिओच्या तारेच्या सेवेचा किमान मासिक दर ३९९ रुपये होता, एअरफायबरचा ५९९ रुपये; दोन्हींचा वेग ३० एमबीपीएस. वाढीव दरात करमणुकीची ॲप्स धरली होती हे खरे, पण त्याहून स्वस्त एअरफायबर त्या वेळी उपलब्ध नव्हते. ज्याच्या दारात तार पोहोचलेली नाही, त्याने अधिक मोजावयाचे, असा याचा सरळ अर्थ.

पुण्याला बिनतारी प्रयोग नवे नाहीत. २००७ च्या सुमारास महापालिकेने इंटेल कंपनीच्या साहाय्याने सारे शहर बिनतारी जाळ्याखाली आणण्याची योजना आखली. ती तडीस गेली नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये कोलकाता आणि बंगळूर यांच्यामागोमाग एअरटेलची ४जी सेवा पुण्यात आली. या साऱ्या काळात शहराच्या पेठापेठांतून, उपनगरांतून एक जाळे जमिनीखाली पसरलेले होतेच. ते होते सार्वजनिक दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेचे. लोकांच्या पैशाने, खोदकाम करणाऱ्या मजुरांच्या आणि खांबावर चढणाऱ्या लाइनमनच्या श्रमाने ते उभे राहिले होते. त्याचे काय झाले?

१ ऑक्टोबर २००० रोजी दूरसंचार खात्यातून भारत संचार निगम जन्माला आला. खाजगी कंपन्यांचे मोबाइल १९९५ मध्ये सुरू झाले होते. निगमला मोबाइल सेवा सुरू करण्यास २००२ उजाडले. २००५ मध्ये निगमने तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड देण्यास प्रारंभ केला. त्या सुमारास त्याच्याकडे साडेतीन कोटींहून अधिक दूरध्वनी जोडण्या होत्या. खेड्यापाड्यांतील तोट्याच्या जोडण्यांपोटी निगमला जे साहाय्यशुल्क मिळत असे, ते २००८ मध्ये बंद झाले. २०१० मध्ये ३जी आणि बिनतारी ब्रॉडबँडच्या लहरींसाठी निगमला सुमारे साडेअठरा हजार कोटी रुपये भरावे लागले. ४जीच्या युगात मात्र त्याला वर्षानुवर्षे ताटकळत ठेवण्यात आले; देशी बनावटीचे ४जी जाळे २७ सप्टेंबर २०२५ रोजी राष्ट्राला अर्पण झाले, तेव्हा खाजगी कंपन्या ५जी विकत होत्या. ३१ जानेवारी २०२० रोजी निगमचे सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीच्या नावाखाली एका दिवसात बाहेर पडले. तार दुरुस्त करणारे हातच गेल्यावर तार टिकावी कशी? ऑगस्ट २०२२ मध्ये जिओच्या तारेच्या जोडण्या ७३ लाख ५० हजारांवर गेल्या आणि निगम ७१ लाख ३० हजारांवर घसरला. लक्षात घ्या, हा पराभव तारेचा झालेला नाही. ज्या कंपनीने बिनतारीच्या बळावर बाजार जिंकला, तीच आज तारेतही पहिली आहे. तारेचे भवितव्य तिने ओळखले. सरकारने आपली तार मात्र गंजू दिली.

तथापि, सारा दोष सरकारवर टाकून मोकळे होणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. एकेकाळी दूरध्वनीसाठी नाव नोंदवून वर्षे मोजावी लागत; ते दिवस सामान्य माणूस विसरलेला नाही. म्हणून सार्वजनिक सेवेच्या बाजूने आपण बोलू लागलो, की तो हसतो. आणि आणखी एक चूक. २००४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने अशी शिफारस केली, की निगमच्या तारा अन्य सेवादात्यांना भाड्याने खुल्या कराव्यात. निगमने विरोध केला, कामगार संघटनांनी विरोध केला, सरकारने शिफारस स्वीकारली नाही. त्या विरोधाच्या सभांत मीही टाळ्या वाजवल्या होत्या. आपली तार दुसऱ्याच्या हाती का द्यावी, असे तेव्हा वाटत होते. आज वाटते, की मालकी लोकांची ठेवून, रास्त भाडे घेऊन ती तार सर्वांना वापरू दिली असती, तर निगमला उत्पन्न मिळाले असते, गल्लीतील लहान सेवादाते जगले असते आणि तांबे कुजण्याऐवजी त्याच्या जागी फायबर आले असते. मालकी राखणे आणि कुलूप लावणे यांतील भेद आम्हाला कळला नाही.

आता स्पर्धेच्या गुणांकडे वळू. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने सेवा फुकट वाटावयास आरंभ केला. मार्च २०१७ अखेरपर्यंत ती तशीच चालली. प्रतिस्पर्ध्याने तक्रार केली, तेव्हा नव्या कंपनीचे बाजारात वर्चस्व नाही या कारणाने स्पर्धा आयोगाने ती फेटाळली. डेटा अत्यंत स्वस्त झाला. रिक्षावाल्याच्या, घरकाम करणाऱ्या बाईच्या हाती इंटरनेट आले, हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. पण पुढे काय झाले? एअरसेल दिवाळखोरीत गेली, रिलायन्स कम्युनिकेशन्सचा मोबाइल धंदा बंद पडला, व्होडाफोन आणि आयडिया एकत्र येऊनही कर्जात बुडाल्या. मैदान मोकळे झाल्यावर जुलै २०२४ मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवले. फुकटाचे दाम असे चुकते करावे लागतात.

मार्च २०२५ मध्ये देशात मोबाइलवरून इंटरनेट वापरणारे नव्वद कोटींच्या घरात होते. तारेचे ग्राहक होते जेमतेम चार कोटी. पुण्यात ही दरी चालत पाहता येते. कोथरूडच्या एखाद्या सोसायटीत चार कंपन्यांच्या केबल जिन्यातून वर चढलेल्या दिसतात. तेथून पर्वतीच्या जनता वसाहतीत जा. तेथील कुटुंबाची सारी भिस्त मोबाइलच्या दिवसाच्या दीड-दोन जीबीवर असते. २०२० मध्ये शाळा मोबाइलवर आल्या, तेव्हा घरात एक फोन आणि शिकणारी मुले तीन, बाप तो फोन घेऊन कामावर गेलेला, अशी घरे आपण सर्वांनी पाहिली. त्या मुलांचे गेलेले वर्ष कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात तोटा म्हणून लिहिलेले नाही.

मग आपण करावयाचे काय? दिल्लीचे धोरण येथून बदलणे अवघड आहे, पण रस्ता पुण्याचा आहे. तार जाते ती महापालिकेच्या रस्त्याखालून. २०१७ मध्ये समान पाणीपुरवठा योजनेच्या जलवाहिन्यांबरोबर केबल ओवण्यासाठी डक्ट टाकण्याची योजना महापालिकेत आली, तेव्हा चर्चा झाली ती निविदेच्या रकमेवर. ती आवश्यक होतीच. पण या डक्टची मालकी कोणाकडे राहणार, त्यात केबल ओवण्याचा अधिकार कोणाला, भाडे किती आणि वस्त्यांपर्यंत त्या जाणार की नाही, हे प्रश्न सभागृहाबाहेर फारसे कोणी विचारले नाहीत.

ते आपण विचारू या. रस्ता खोदला जाईल तेथे डक्ट महापालिकेचीच असावी. ती निगमला, मोठ्या कंपनीला आणि गल्लीतील केबलवाल्याला एकाच जाहीर दराने मिळावी. त्या भाड्यातून पहिली फायबर वस्तीतल्या महापालिका शाळेत, अभ्यासिकेत आणि दवाखान्यात पोहोचावी. खोदकामाच्या परवान्याची यादी प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात लावावी, म्हणजे तोच रस्ता वर्षात तिसऱ्यांदा कोण फोडतो हे नागरिकांना कळेल. यातील एकही मागणी क्रांतिकारक नाही. परंतु प्रत्येक मागणीमागे ही जमीन सर्वांची आहे, हा विचार आहे.

म्हणून मित्रहो, उद्या आपल्या वॉर्डात रस्ता खोदलेला दिसला, तर नाक दाबून पुढे जाऊ नका. क्षणभर थांबा, खड्ड्यात डोकावून पाहा आणि तेथील मुकादमाला विचारा, की बाबा रे, ही नळी कोणाची? त्याला ठाऊक नसेल, तर तोच प्रश्न घेऊन क्षेत्रीय कार्यालयात जा. आपले काम तेथून सुरू होते.