वर्गातील पाच मिनिटांचे खेळ
(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)





आज येथे येण्यापूर्वी घिवलीच्या किनाऱ्यावर थोडा वेळ थांबलो होतो. ओहोटी लागली होती. ओल्या वाळूवर काडीने घरे आखून पाच-सहा मुले लंगडी खेळत होती. कोणाचा पाय रेषेवर पडला, कोणाची पाळी आहे, कोणी लबाडी केली, याकडे प्रत्येकाचे डोळ्यांत तेल घालून लक्ष होते. माझ्या मनात आले, हीच मुले उद्या मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला पेंगत बसतील आणि आम्ही शिक्षक म्हणू, "या मुलांचे लक्षच नसते." लक्ष असते, हे मी आज डोळ्यांनी पाहिले. ते वर्गात कसे आणावे, एवढाच माझ्या भाषणाचा विषय आहे.

मुले पेंगतात याची कारणे आपण जाणताच. किनाऱ्याची दमट हवा, पोटात नुकतेच गेलेले जेवण, एका बाकावर तिघे. बोईसरकडील कित्येक घरे एका खोलीची. वडील कारखान्यातून रात्रपाळी करून पहाटे येतात, तेव्हा मुलाचीही झोप मोडते. कोळीवाड्यातील मूल होडी लागली की आईच्या हाताखाली उभे राहते. अशा मुलाला "नीट बस" असे दहा वेळा सांगून ते नीट बसत नाही. त्याला पाच मिनिटे उठवावे, हलवावे, हसवावे. मग पुढची तीस मिनिटे ते आपले असते.

हे नवे शास्त्र नव्हे. इमाम गझाली यांनी सुमारे नऊशे वर्षांपूर्वी 'एहया-उल-उलूम' या ग्रंथात सांगून ठेवले आहे की, मकतबातून आलेल्या मुलाला चांगला खेळ खेळू द्यावा. खेळ बंद करून सतत अभ्यासाला जुंपले तर त्याचे मन मरते आणि बुद्धी बोथट होते. आपल्या शेजारच्या डहाणू तालुक्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले व पुढे 1957 मध्ये ते कोसबादच्या टेकडीवर नेले. महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून बिया, पाने, शंखशिंपले, खडे यांवर त्यांनी मुलांना शिकवले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, तर शाळाच कुरणावर नेली. मूल खेळत खेळत शिकते, हे त्यांनी याच मातीत सिद्ध केले. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानेही कृतीतून आणि शोधातून शिकवावे असेच म्हटले आहे.

आता प्रत्यक्ष खेळांकडे वळतो. यांना ना मैदान लागते, ना पैसा.

पहिला, सातची टाळी. मुलांनी क्रमाने एक, दोन, तीन म्हणत जावे. सातच्या पाढ्यातील किंवा ज्यात सात हा अंक येतो अशी संख्या आली की ती न उच्चारता टाळी वाजवावी. म्हणजे 7, 14, 17, 21, 27, 28 यांना टाळी. लहान वर्गात पाचची टाळी घ्यावी. पाढ्यांची उजळणी होते आणि झोप उडते.

दुसरा, चिमणी उड. आपल्या घरी यालाच 'चिडिया उड' म्हणतात. यात थोडा विज्ञानाचा मसाला घालावा. गुरुजींनी नाव घ्यावे. तो मासा असेल तर मुलांनी उभे राहावे, नसेल तर बसावे. बोंबील, पापलेट, सुरमई म्हटले की सगळे उभे राहतात. कोलंबी म्हटले की गोंधळ उडतो, कारण बाजारात ती माशांच्या टोपलीत असते, पण ती मासा नाही. देवमासा म्हटले की आणखी गोंधळ. नावात मासा असूनही तो पिलांना दूध पाजणारा प्राणी आहे. हा गोंधळ मुले जन्मात विसरत नाहीत.

तिसरा, शब्दांची साखळी. ही आपल्या बैतबाजीची धाकटी बहीण. कागद, दप्तर, रस्ता, तारीख, खुर्ची. शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द. ही साखळी मी मुद्दाम निवडली. यातील पाचही शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि आज ते मराठीचेच आहेत. उर्दू बोलणाऱ्या घरातले मूल 'दफ्तर' म्हणजे कचेरी समजते, मराठी घरातले मूल पाठीवर दप्तर घेऊन शाळेत येते. ज्या मुलाला मराठी बोलायचा संकोच वाटतो, त्याला एका खेळात कळते की ही भाषा काही परकी नाही.

चौथा, न बोलता रांग. दहा मुलांच्या हाती चिठ्ठ्या द्याव्यात: अर्धा, पाव, पाऊण, 0.6 वगैरे. एक शब्द न उच्चारता त्यांनी लहानापासून मोठ्यापर्यंत उभे राहावे. शेजारच्या वर्गाची तक्रार येत नाही.

पाचवा, कानगोष्ट. पहिल्याने एक वाक्य दुसऱ्याच्या कानात सांगायचे, असे शेवटपर्यंत. शेवटचा मुलगा मोठ्याने सांगतो तेव्हा सगळे हसतात, कारण मूळ वाक्याचा पत्ता नसतो. हसून झाले की गुरुजींनी विचारावे, "असेच मोबाईलवर झाले तर?" 2020 साली आपल्याच पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे मुले पळवणाऱ्यांच्या अफवेपायी तीन जीव गेले. ऐकलेली गोष्ट पुढे ढकलण्याआधी पारखावी, हा धडा यापेक्षा सोपा करून शिकवता येत नाही.

आता माझी एक चूक सांगतो. नवा शिक्षक असताना मीही हे खेळ घेत असे, पण चुकला की बाद, असा माझा नियम होता. माझ्या वर्गात एक अबोल मुलगा होता. तो रोज पहिल्या फेरीतच बाद होई आणि भिंतीशी बसून राही. पुढे पुढे खेळाचे नाव काढताच तो पाणी प्यायला जाण्याची परवानगी मागू लागला. मला वाटे, याला खेळाची आवड नाही. एके दिवशी तो माठाजवळ पाणी न पिता नुसताच उभा दिसला, तेव्हा माझे डोळे उघडले. ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, त्यालाच मी सर्वांत आधी उठवून बाजूला बसवत होतो. दुसऱ्या दिवसापासून नियम बदलला. कोणीही चुकले तरी कोणी बाद नाही. सगळ्या वर्गाने पुन्हा एकपासून सुरुवात करायची, आणि आज वर्ग कोणत्या संख्येपर्यंत पोचला ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचे. तो मुलगा काही पहिल्या नंबराने पास झाला नाही. पण त्याचे पाणी प्यायला जाणे थांबले, आणि पुढे धड्याच्या वेळीही त्याचा हात वर येऊ लागला.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. खेळ पाचच मिनिटांचा असावा, थांबण्याची खूण आधी ठरवावी, गट पाडताना मुलगे विरुद्ध मुली किंवा एक वस्ती विरुद्ध दुसरी असे कधीही पाडू नयेत. ज्याला उभे राहता येत नाही त्याच्यासाठी हात वर करण्याची सोय ठेवावी.

पालकहो, मूल घरी येऊन "आज आम्ही खेळलो" म्हणाले, तर "फी कशासाठी भरतो मग?" असे रागावू नका. त्याला म्हणा, "मला शिकव पाहू तो खेळ." अम्मी, अब्बा, दादी सगळे सातची टाळी चुकतील, मूल हसेल, आणि सातचा पाढा घरभर पाठ होईल.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला एकच सांगणे. खेळात चुकणाऱ्याला हसा, पण त्याच्याबरोबर हसा. आणि पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात करताना त्याचा हात धरा.