इंजिनाचा श्वास

(मोताळा येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



वसंत व्याख्यानमालेत काव्य, इतिहास, अध्यात्म यांवर बोलण्याचा प्रघात आहे. आम्ही मात्र आज एका नळीवर बोलणार आहोत. ही नळी कधी ओतीव लोखंडाची असते, कधी ॲल्युमिनियमची. तिच्या एका टोकाला हवा गाळणारे भांडे असते, दुसरे टोक इंजिनाच्या हेडला जोडलेले असते. इंजिन एकाच सिलिंडरचे असेल तर ती साधी वाकडी नळी. चार सिलिंडरचे असेल तर तिला चार फाटे फुटतात, आणि मग मिस्त्री तिला मॅनिफोल्ड म्हणतात. ही नळी कापली, रुंद केली, आतून घासून आरशासारखी केली म्हणजे इंजिनाची ताकद वाढते, असा एक समज आपल्याकडे गॅरेजांतून चांगला रुजला आहे. तो समज सर्वस्वी खोटा नाही, आणि हीच खरी अडचण आहे. सर्वस्वी खोटी गोष्ट माणूस एकदा करून सोडून देतो. अर्धी खरी गोष्ट मात्र त्याला पुनःपुन्हा खर्चात पाडते.

विषय मोताळ्यास परका आहे असे कोणी म्हणू नये. विहिरीवरचे इंजिन, ट्रॅक्टर, मळणीयंत्र, प्रवासी जीप, निदान दाराशी एक मोटारसायकल, यांपैकी काहीच नाही असे घर या तालुक्यात विरळाच. आणि ज्याचे इंजिन ऐन हंगामात बसते त्याचे काय होते, हे आम्ही या सभेला सांगावे असे नाही.

आता इंजिन हवा कशी घेते ते पाहू. आपल्यापैकी ज्यांनी सत्तरी ओलांडली आहे त्यांनी मोट चालताना पाहिली असेल. मोट विहिरीत उतरते, पाण्यावर टेकते, कलते, बुडते आणि भरते. मग बैल धावेवरून खाली निघतात आणि पाणी थारोळ्यात पडते. मोट हाकणारा नवशिका असला म्हणजे मोट पुरती भरण्याआधीच बैलांना हाक देतो. बैल तेच, नाडा तोच, श्रमही तेच. पण पाणी अर्धे. जाणता माणूस मोट बुडाल्याचा हिसका नाड्यावर येईपर्यंत क्षणभर थांबतो. इंजिनाचा सिलिंडर ही अशीच मोट आहे. फरक इतकाच की ती भरायला वेळ फार थोडा. मिनिटाला १५०० फेऱ्या मारणारे चार स्ट्रोकचे इंजिन दर मिनिटाला ७५० वेळा हवा ओढते, आणि पिस्टन खाली जाण्याचा काळ सेकंदाचा पन्नासावा भाग असतो. तेवढ्यात मोट भरायची.

हवेला वजन असते, हे आपण विसरतो. घनमीटरभर हवेचे वजन किलोहून थोडे अधिकच भरते. म्हणून ती निघायला आळस करते आणि एकदा वेगात आली की थांबायलाही आळस करते. इंजिन बनवणाऱ्यांनी या दुसऱ्या आळसाचा उपयोग करून घेतला आहे. पिस्टन तळाला पोहोचून पुन्हा वर निघाला तरी हवा आत घेणारा व्हॉल्व्ह लगेच बंद होत नाही; तो थोडा उशिरा मिटतो, आणि नळीतून धावत आलेली हवा आपल्याच वेगाने सिलिंडरमध्ये घुसत राहते. हाच तो मोटेवरचा क्षणभराचा थांबा.

यावर आणखी एक चमत्कार आहे, तो बासरीच्या घराण्यातला. पिस्टन खाली जाताना नळीत विरळ हवेची एक लाट उठते. ती ध्वनीच्या वेगाने, म्हणजे उन्हाळी हवेत सेकंदाला सुमारे ३५० मीटर, नळीच्या उघड्या तोंडाकडे जाते. तिथून उलटते, आणि उलटताना विरळ लाटेची दाट लाट होते. ही दाट लाट व्हॉल्व्ह मिटण्याच्या बेतात असतानाच परत येऊन पोहोचली, तर ती चिमूटभर हवा जास्त कोंबते. आधी आली तर वाया. उशिरा आली तर दार बंद. बासरी लांब असली की स्वर खाली, आखूड असली की वर. तसेच लांब नळी इंजिनाला कमी फेऱ्यांवर साथ देते आणि आखूड नळी जास्त फेऱ्यांवर. अशी जुळवणी केलेली इंजिने सिलिंडरच्या मापापेक्षाही किंचित अधिक हवा भरून घेतात. एरवी साध्या इंजिनात ती मापाच्या ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंतच भरते.

हे ऐकून कोणाला करवत हाती घ्यावीशी वाटेल, म्हणून थोडे गणित करतो. लाट निघण्यापासून परत येण्यापर्यंत क्रँक साधारण ९० अंश फिरावा असे ढोबळ मानाने धरले, तर ६००० फेऱ्यांवर त्याला सेकंदाचा चारशेवा भाग लागतो. तेवढ्यात ध्वनी सुमारे ८८ सेंटिमीटर जातो; जाणे-येणे वजा करता नळी ४४ सेंटिमीटरची हवी. मोटारसायकलीवर ती कशीबशी बसेल. १५०० फेऱ्यांच्या इंजिनाला हेच गणित लावले तर नळी पावणेदोन मीटर, म्हणजे पुरुषभर उंचीची. आणि विहिरीवरच्या ६५० फेऱ्यांच्या जुन्या संथ इंजिनाला चार मीटर, म्हणजे ती इंजिनखोलीच्या पत्र्यातून बाहेर काढावी लागेल! व्यवहारात लाटेच्या दुसऱ्या-तिसऱ्या येरझारीचाही उपयोग करतात, तेव्हा आखूड नळीवर भागते. पण दर येरझारीला लाट मवाळ होते आणि लाभही घटतो. तेव्हा विहिरीवरच्या इंजिनाची चार बोटे नळी कापून काय मिळेल, ते ज्याने त्याने ठरवावे.

या बाबतीत अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीचे १९६० सालचे उदाहरण फार बोलके आहे. तिच्या ३००-एफ नावाच्या मोटारीला सुमारे ३० इंच लांबीच्या नळ्या इंजिनावरून आडव्या पलीकडे नेऊन बसवल्या होत्या. इंजिन ३७५ अश्वशक्तीचे होते. शर्यतीसाठी त्याचाच एक प्रकार काढला, त्यात बाहेरून नळ्या तशाच ठेवून आतल्या भिंती कापून त्यांची परिणामकारक लांबी निम्मी केली. इतरही काही बारीक फरक होते. अश्वशक्ती ४०० झाली. पण ओढ, जिच्यावर गाडी चढ चढते ती ओढ, ४९५ पौंड-फुटांवरून ४६५ वर आली, आणि तीही २८०० ऐवजी ३६०० फेऱ्यांवर मिळू लागली. म्हणजे खालच्या फेऱ्यांतून काढून वरच्या फेऱ्यांत भरले. पुढे कित्येक मोटारींत पडदा उघडमीट करून एकाच नळीच्या दोन लांब्या करण्याची सोय आली, ती हीच ओढाताण मिटवण्यासाठी.

आता आपण राजूर घाटात येऊ. मोताळ्याहून बुलढाण्याला जाणारी भरलेली जीप घाटात किती फेऱ्यांवर चालते? ड्रायव्हर गिअर उतरवीत जातो, वळणावर वेग मरतो, आणि तिथून इंजिनाने खालच्या फेऱ्यांवर ओढायचे असते. अशा पेट्रोल गाडीची नळी रुंद केली की तिच्यातल्या हवेचा वेग मंदावतो. कार्ब्युरेटर असेल तर मंद हवेत पेट्रोलचे थेंब नीट उडत नाहीत, नळीच्या भिंतीला ओलावा धरतात, आणि ऐन वळणावर इंजिन खोकते. आरशासारखी घासलेली नळी याला उलट मदतच करते. किंचित खरबरीत भिंत ते थेंब पुन्हा हवेत उधळते. शर्यतीच्या मैदानावर जो लाभ, तोच घाटात तोटा. शिवाय घाट चढताना दर शंभर मीटरला हवा सुमारे एक टक्क्याने विरळ होत जाते, ते वेगळेच.

डिझेल इंजिनाची गोष्ट याहून निराळी. तिथे ताकद ठरते ती डिझेल किती सोडले यावर, आणि ते ठरवतो गव्हर्नर. पंपाला ठरावीक फेऱ्यांवर ठरावीक ताकद लागते; गव्हर्नर तेवढेच डिझेल देतो. हवा थोडी अधिक मिळाली म्हणून पंप अधिक पाणी काढीत नाही. मात्र हवा कमी पडली की डिझेल अर्धवट जळते आणि काळा धूर निघतो. काळा धूर दिसला की लोक नळीवर हत्यार चालवतात. पण बहुतेक वेळा दोष हवा गाळणारे भांडे तुंबल्याचा असतो. ते धुतले की नळी होती तशीच पुरते.

नव्या गाड्यांविषयी अधिक बोलत नाही. त्यांत हवेचे माप घेणारे यंत्र आणि डिझेल-पेट्रोल सोडणारा संगणक यांची सांगड कारखान्यात घातलेली असते; धुराच्या आणि सुरक्षेच्या चाचण्या पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत, जी १९६६ साली स्थापन झाली, पार पडलेल्या असतात. नळी बदलली की ते गणित मोडते. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाहनात मनमानी फेरफार करू देत नाही.

मग ताकद वाढवण्याचा काही उपाय आहे की नाही? एक आहे, आणि त्याला छदामही पडत नाही. आपल्याकडे वैशाखात सावलीत ४५ अंश होतात. पत्र्याच्या बंद इंजिनखोलीत, सायलेन्सरच्या बाजूला, हवा सहज ६० अंशांवर जाईल. तापलेली हवा विरळ. ४५ वरून ६० वर गेली की त्याच मापात साडेचार टक्के हवा कमी बसते. खोलीला समोरासमोर दोन झरोके ठेवावेत, हवा घेण्याचे तोंड सायलेन्सरपासून दूर करावे. घासूनपुसून जे मिळत नाही ते बहुधा यातून मिळते.

आता शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत गंभीर मुद्दा, धुळीचा. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यास खडकी येथे १९४६ साली सुरू झाली. तिच्या पाच अश्वशक्तीच्या एव्ही-१ इंजिनाचे माप ५५३ घनसेंटिमीटर आहे, फेऱ्या १५००. हिशेब केला तर ते तासाला जास्तीत जास्त सुमारे २५ घनमीटर हवा ओढते, दहा तासांत अडीचशे. मळणीच्या खळ्यावर घनमीटरला १० मिलिग्रॅम धूळ धरली, आणि खळ्यावर ती याहून कमी नसावी, तर दिवसाला अडीच ग्रॅम, शंभर दिवसांत पाव किलो. हे पाव किलो गाळणीत राहते म्हणून इंजिन टिकते. ज्याने 'मोकळा श्वास' म्हणून गाळणी काढून सरळ नळी लावली, त्याने ही धूळ तेलात कालवून पिस्टनच्या रिंगा आणि लायनर यांच्यामध्ये घासायला सोडली. पहिले काही दिवस आवाज मोठा येतो आणि मालक खूश असतो. मग इंजिन चालू व्हायला त्रास देते, तेल पिते, निळा धूर सोडते, आणि लायनर बदलावा लागतो.

गाळणी ठेवूनही हे होऊ शकते. नळी कापून पुन्हा वेल्डिंग केली आणि आतली मळी नीट काढली नाही तर तिचे कण सुटून थेट सिलिंडरमध्ये जातात. जोड नीट बसला नाही, पॅकिंग फाटले, रबरी नळीला भेग पडली, तर इंजिन गाळणीला वळसा घालून बाहेरची धूळभरी हवा खाते. वरून काही दिसत नाही. एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनावर याची पारख सोपी आहे. इंजिन बिनओझ्याने कमी फेऱ्यांवर चालू ठेवावे आणि हवा घेण्याच्या तोंडावर एक सपाट, बिनफटीची फळी दाबून धरावी. हात लावू नये, फळीच धरावी. सगळे जोड घट्ट असतील तर इंजिन गुदमरून थोड्याच वेळात बंद पडेल. फळी धरूनही ते चालतच राहिले, तर ते हवा दुसरीकडून घेत आहे. ती जागा सापडेपर्यंत पंप जोडू नये.