उठलेले गाव आणि अपंगाची वाट



वसंतातल्या व्याख्यानाला प्रसन्न विषय घ्यावा, असा संकेत आहे. तो मोडून आज आम्ही अपंग निर्वासितांविषयी बोलणार आहोत. ‘आमच्या गावात निर्वासित कुठे आहेत?’ असे कोणी विचारील. पण नरडाणा हे गाव आग्रा रस्त्यावरचे आणि तापी खोऱ्यातल्या रेल्वेवरचे. येणाऱ्याजाणाऱ्यांची विचारपूस करणे हा अशा गावाचा धर्मच होय.

एक साधी गोष्ट पाहू. आंधळा मनुष्य आपल्या गावात पुरता आंधळा नसतो. घरापासून पारापर्यंत किती पावले, विहिरीची कोणती पायरी तुटली आहे, हे त्याच्या पायांना ठाऊक असते. गाव उठले की डोळसाचे घर जाते. आंधळ्याचे घर जाते आणि उरलेली दृष्टीही जाते. म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की अपंगाचा विचार पुनर्वसनाच्या अखेरीस नव्हे, आरंभीच झाला पाहिजे.

1947 च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीतल्या बराकींत आसरा मिळाला. 1949 साली त्या वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले. धुळ्याचे कुमारनगर आणि जळगावची सिंधी कॉलनी या त्याच स्थलांतराच्या आपल्याजवळच्या खुणा. या लोकांनी कष्टाने व्यापार उभा केला, त्याचे कौतुक आपण करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे असतो तो डोक्यावर गाठोडे घेऊन चालणारा धडधाकट मनुष्य. ज्याला गाठोड्याप्रमाणेच उचलून आणावे लागले, त्याची आठवण कोण काढतो? बराक शिपायासाठी बांधलेली असते. सामायिक नळ, सामायिक संडास, शिध्याची रांग. ज्याला उभेच राहता येत नाही, त्याने काय करावे?

दुसरे उदाहरण याहून जवळचे. सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातली 33 गावे बाधित झाली. ती तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातली. 1998 पासून तो भाग नंदुरबार जिल्ह्यात आहे. विस्थापित निराळा, निर्वासित निराळा, असे कायदा म्हणतो. कुबडीला तो भेद कळत नाही. नर्मदा लवादाच्या 1979 च्या निवाड्यात नव्या वसाहतीसाठी 100 कुटुंबांमागे एक प्राथमिक शाळा, 500 कुटुंबांमागे एक दवाखाना, 50 कुटुंबांमागे पिण्याच्या पाण्याची एक विहीर, असा हिशेब आहे. हिशेब चांगलाच, पण तो कुटुंबांचा, पावलांचा नव्हे. पन्नासाव्या घरात पांगळी म्हातारी असेल आणि सून मजुरीला गेली असेल, तर विहीर असूनही म्हातारी तहानलेलीच राहणार.

आता कायद्याचा आधार आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे आठवे कलम आपत्तीच्या वेळी अपंगांना समान संरक्षण देते आणि जिल्ह्यातल्या अपंगांची नोंद ठेवण्याचे काम जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे सोपवते. शेतजमीन आणि घरे वाटण्याच्या योजनांत लक्षणीय अपंगत्व असलेल्यांसाठी 5 टक्के वाटाही याच कायद्याने राखला आहे. उणीव एक उरते. परदेशातून आश्रयाला येणाऱ्यांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही, आणि 1951 च्या निर्वासितविषयक करारात भारत सामील नाही. तेव्हा असा अपंग पाहुणा दारी आला, तर त्याचा बराचसा भार गावाच्या माणुसकीवरच पडतो.

मग आपण काय करावे? पहिले, आपल्या गावातल्या अपंगांची यादी आजच करावी. आणीबाणीत केलेली यादी नेहमी अपुरी असते. दुसरे, पाण्याजवळचे आणि रस्त्याजवळचे घर अपंगाच्या कुटुंबाला आधी द्यावे. याला पैसा लागत नाही, केवळ क्रम बदलावा लागतो. तिसरे, शिवण, दुरुस्ती, हिशेब अशी बसल्या जागी होणारी कामे त्याच्यापर्यंत पोहोचवावीत. दयेचा शिधा चार दिवस पुरतो. हाताचे काम जन्मभर पुरते.

उद्या तापीकाठचे एखादे गाव पुराने उठले आणि ती माणसे आपल्या शाळेत उतरली, तर शाळेची पायरी चढू न शकणारा मनुष्य अंगणातच राहील काय? घरी जाताना आपल्या शाळेच्या पायऱ्या मोजून जा, एवढीच आमची विनंती आहे.